नूरबीची खुडूक कोंबडी

गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढली, तरी कोंबडीला काय झालंय हे मला अजून पहिल्या नजरेत कळत नाही. दुसऱ्या नजरेतही कळेल याची खात्री नाही. ‘तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा’ असं अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं अडलेली म्हैस, विहिरीत पडलेला बैल असं काहीतरी असणार. ते सगळं केलं. पण म्हैस सोपी असते. ती अडली की अडलेली दिसते. कोंबडी कोपऱ्यात पंख पाडून उभी राहते, डोळे मिटते, आणि तिला जंत असोत, उवा असोत, मानमोडी असो, नाहीतर नुसती उन्हाची तलखी असो, बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

एक खुलासा आधीच करतो. मी डॉक्टर नव्हे. पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नसतील तिथं डॉक्टरांचं काम करणारा आणि डॉक्टर आले की त्यांची बॅग धरणारा. लोक मला ‘डाक्टर’ म्हणायचे. पहिली दोन वर्षं मी त्यांची चूक दुरुस्त करायचो, मग कंटाळलो, आणि मग ते मला आवडायला लागलं. पुढं जे घडलं त्यात या आवडण्याचाही हात आहे.

बैल आजारी पडला की सगळं घर उपाशी बसतं. कोंबडी आजारी पडली की घरातला कुणीतरी सुरी शोधायला जातो. त्यामुळं कोंबडी घेऊन दवाखान्यात येणारा माणूस दिसला की मी आधी त्या माणसाकडंच नीट पाहायचो. माझी पहिली नेमणूक सेनगावकडं होती. तिथं एकदा जीपच्या टपावरून एक म्हातारेबुवा उतरले, काखेत भलामोठा कोंबडा. कोंबड्याचे पाय पांढरेफटक, चुन्यात बुडवून काढल्यासारखे. खवले उचललेले, बोटं जाड झालेली. कोंबडा एक पाय टेकवायचा, दुसरा उचलायचा, पुन्हा पहिला उचलायचा.

हा रोग खेडोपाडी फार, आणि सगळे त्याला म्हातारपण समजतात. म्हातारपण नसतं ते. पायाच्या खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारे किडे शिरतात आणि तिथंच संसार मांडतात. उपाय साधा, पण चिकाटीचा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलक्या हातानं घासायचे, खवले उपटायचे नाहीत, पाय कोरडे करून गोडं तेल चोपडायचं. तेलानं किड्यांचा श्वास कोंडतो. हे दर दोन-तीन दिवसांनी करायचं, महिना-दीड महिना. शिवाय कोंबडा ज्या दांडीवर बसतो ती दांडीही घासायची. एवढं ऐकून लोक मान हलवतात आणि घरी जाऊन कोंबडा कापतात. म्हाताऱ्यांनी मात्र सगळं दोनदा विचारून घेतलं. दर आठवड्याला पाय दाखवायला यायचे. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. माणसाचा जीव किती गुंततो बघा, असं मी घरी बायकोला सांगितलंही. दीड महिन्यानं कोंबड्याचे पाय पिवळेधमक झाले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी म्हाताऱ्यांच्या नातवानं मला रस्स्याचा डबा आणून दिला. कोंबडा देवीला बोललेला होता. खोड असलेला देवीला चालत नाही, म्हणून बरा करून घेतला होता. डब्यात माझाच पेशंट होता. मी तो खाल्ला की नाही हे कृपा करून विचारू नका.

दुसरी एक बाई आठवते. भर उन्हाळ्यात तिची पिल्लं रक्ताची हगवण लागून पटापट मरत होती. खुराड्यात हात घातला तर खाली सगळा चिखल. ओल आणि विष्ठा एकत्र आली की पिल्लांच्या आतड्यातला हा रोग उफाळतो. औषध पाण्यातून दिलं आणि सांगितलं, बाई, खुराडं कोरडं करा, भुसा नाहीतर राख पसरा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे त्यात घाण पडणार नाही. तिनं सगळं केलं. आठ दिवसांनी गेलो तर पुन्हा चिखल. ती रोज दुपारी खुराड्यात दोन तांबे पाणी शिंपडत होती. का, तर माणसाला कूलर आणि मुक्या जिवाला काहीच नको का.

आता मूळ गोष्टीकडं येतो. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं मी औंढ्याच्या भागात होतो, सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं नूरबी नावाची बाई होती, पन्नाशीची, उंच, कमरेत थोडी वाकलेली. नवरा पिंजारी, गाद्या भरायला गावोगाव फिरायचा. नूरबी कोंबड्या पाळायची, पण अंडी विकण्यावर तिचं घर चालत नव्हतं. ती खुडूक कोंबड्या घरोघर बसवायला द्यायची.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गावरान कोंबडी काही दिवस अंडी घालते आणि मग तिला अंड्यांवर बसायची ओढ लागते. अंगावरची पिसं फुलवून ती जागा सोडत नाही, जवळ गेलं तर टोचते. ही खुडूक. ती एकवीस दिवस बसली की पिल्लं निघतात. पण ज्या घरी अंडी आहेत त्या घरी त्याच वेळी कोंबडी खुडूक असेलच असं नाही. अशा घरची बाई नूरबीकडं यायची. नूरबी पदराखाली झाकून कोंबडी नेऊन द्यायची, आणि पिल्लं चिमणीएवढी झाली की त्यातला आपला वाटा घेऊन यायची. गावात दर मोसमात दहा-बारा घरी नूरबीची कोंबडी बसलेली असायची. तिच्या तांबडीनं तर, बायका सांगायच्या, निम्म्या गावाच्या कोंबड्या जन्माला घातल्या होत्या.

नूरबीचे नियम कडक होते. कोंबडी तिची, पण बसवायची बांबूची पाटी ज्या त्या घरची. ती पाटी शेणानं सारवून उन्हात वाळवलेली पाहिजे, तळाशी राख, राखेवर कडुलिंबाचा पाला, त्यावर नवं गवत. नूरबी आधी येऊन पाटी बघायची, बोट फिरवायची, आणि मनासारखी नसली तर कोंबडी न देता परत जायची. पिल्लं निघाली की गवत जाळायचं आणि पाटी पुन्हा उन्हात. कोंबडी परत आली की नूरबी तिला आठ दिवस इतर कोंबड्यांपासून लांब, राखेच्या ढिगाजवळ बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायची. बायका म्हणायच्या, नूरबीचं सोवळं फार. मलाही ते सोवळंच वाटलं. कोंबडी धुळीत आणि राखेत लोळते ती अंगावरचे किडे मारण्यासाठी, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. पण ते पुस्तकातलं होतं आणि हे नूरबीचं होतं. दोन्ही एकच आहे, हे मला दिसलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडं सुधारित जातीची उबवणीची अंडी वाटायला आली. ती वाया जाऊ नयेत म्हणून मी नूरबीला गाठलं. सगळ्या घरी तिच्याच कोंबड्या बसवायच्या असं ठरवलं. आणि इथं मी माझी अक्कल चालवली. खुडूक कोंबडी जागेवरून उचलली की कधी कधी बिथरते आणि बसायचं सोडून देते. म्हणून म्हटलं, कोंबडी आधी खोक्यात बसवावी आणि न्यायची तर खोक्यासकट न्यावी. वसमतच्या रस्त्यावर एका पोल्ट्रीवाल्यानं धंदा बंद केला होता. त्याच्या शेडमधून एक लाकडी खोकं मी मागून आणलं. छान होतं, बाजूला हवेसाठी फटी, वर झाकण. झाडून, पुसून नूरबीच्या दारात नेऊन ठेवलं.

नूरबीनं खोक्याभोवती एक फेरी मारली. म्हणाली, “साब, लाकडाचं धुऊन निघत न्हाई. पाटीच बरी.”

मी हसलो. म्हटलं, परदेशात लाखो कोंबड्या अशा खोक्यात बसतात. मी परदेश पाहिलेला नव्हता, आजही नाही. पण तिनं वाद घातला नाही. डाक्टर म्हणतोय म्हटल्यावर तिनं तांबडी आणून दिली. तांबडी खोक्यात बसली आणि त्या मोसमात खोक्यासकट एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. खोकं नूरबीच्या घरी कधी मुक्कामाला आलंच नाही, या घरून थेट त्या घरी गेलं. पिल्लं भरपूर निघाली. मी वरती अहवाल पाठवला.

महिनाभरानं सुभद्राबाई दवाखान्यात आल्या. खोक्यातली पहिली पिल्लं त्यांच्याकडं निघाली होती. बाई बोलायला फटकळ, पण गावातल्या बायकांचं पान त्यांच्याशिवाय हलत नव्हतं. त्यांनी टोपलीतून एक कोंबडी काढून टेबलावर ठेवली. तुरा पांढुरका पडलेला, वजन हलकं. अंडी बंद. पिल्लं एकेक करून मरत होती. मी पंख उचलून पाहिलं, शेपटीखाली पाहिलं. उवा नाहीत, पिसवा नाहीत, सगळं स्वच्छ. तुरा पांढरा म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे जंत. जंताचं औषध दिलं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. काहीच फरक नव्हता. मग मी पिल्लांच्या हगवणीचं औषध दिलं, हगवण नसताना. मग टॉनिक दिलं. मग सुभद्राबाईंनी नवीन सांगितलं, की कोंबड्या सांजच्याला खुराड्यात शिरतच नाहीत. दारापर्यंत येतात, मान वाकवून आत बघतात आणि मागं फिरून कडुलिंबावर चढतात.

“काहून शिरंनात त्या?” त्यांनी मला विचारलं. “तुमीच सांगा. घरात काय बघून राहिल्या त्या?”

मला वाटलं साप असेल. साप धरणाऱ्याला बोलावून खुराडं रिकामं करून घेतलं. साप निघाला नाही, एक जुनी चप्पल निघाली. तोवर आणखी दोन घरांतून तशीच तक्रार आली, मग आणखी तीन. सगळीकडं तेच. तुरे पांढरे, पिल्लं खलास, कोंबड्या झाडावर. एका घरची खुडूक कोंबडी अर्ध्यात अंडी टाकून उठली, असं खुडूक सहसा करत नाही. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होतो. पुस्तक काढून वाचलं, तर प्रत्येक रोगाची दोन लक्षणं जुळायची आणि तिसरं जुळायचं नाही.

शेवटी एके दिवशी दवाखान्याच्या केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी गावाचा नकाशा काढला आणि आजारी घरांवर फुल्या मारल्या. आणि लख्खकन दिसलं. फुली असलेल्या प्रत्येक घरात नूरबीची तांबडी बसून गेली होती. जिथं ती गेली नव्हती तिथं रोग नव्हता. मला इतका आनंद झाला की मी शिपायाला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मानमोडीची लस टोचायला मी त्या गावात होतो. शाळेच्या वऱ्हांड्यात थर्मास मांडून बसलेलो, बायका टोपल्या घेऊन रांगेत. सुभद्राबाईंनी विचारलं, डाक्टर, आमच्या कोंबड्यांचं काही कळलं का. आणि मी सगळ्यांदेखत, अगदी शिकवल्यासारखं सांगितलं, की कळलं, हा रोग नूरबीच्या कोंबडीपासून आलाय.

नूरबी रांगेतच होती, चौथी की पाचवी. हातात दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, पाय बांधलेल्या. तिनं त्या खाली ठेवल्या.

“कोणता रोग, साब?” तिनं विचारलं.

रोग कुठून आला हे सांगितलं होतं, रोग कोणता हे मला माहीतच नव्हतं. तपासावं लागेल, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि पुढच्या कोंबडीचा पंख हातात घेतला. नूरबी रांगेतून निघून गेली. तिच्या तलंगांना लस टोचायची राहिली.

आठवड्यात तिच्या सगळ्या कोंबड्या परत आल्या. अंड्यांवर बसलेल्यासुद्धा बायकांनी उठवून दारात आणून सोडल्या. मी तिच्या घरी तपासायला गेलो आणि आणखी गोंधळलो. तिच्या स्वतःच्या खुराड्यातल्या कोंबड्या लालबुंद तुऱ्याच्या, ठणठणीत. रोगाचं मूळ जिथं म्हणतोय तिथंच रोग नाही. फक्त तांबडी तेवढी उतरलेली. तिचाही पंख उचलून पाहिला, स्वच्छ. तांबडी खाली सोडली आणि मी निघालो. दोन दिवसांनी तिच्या नवऱ्यानं तांबडी कापली, आणि रोगाची म्हणून शिजवली नाही, गावाबाहेर पुरली. लोकांचं समाधान व्हावं म्हणून. पण लोकांचं समाधान झालं नाही. तिच्याकडं कोंबडी मागायला कुणी गेलं नाही.

खोकं मी दवाखान्यात आणून ठेवलं होतं. अंडी वाटायची दुसरी खेप येणार होती, म्हणून एका सकाळी ते पुसायला घेतलं. रुमाल पांढरा होता. तो फटीतून ओढून काढला तर त्यावर लाल लाल फराटे. मी शिपायावर ओरडलो, खोक्यात पान खाऊन थुंकतोस काय. शिपाई बिचारा माळकरी, सुपारीसुद्धा खात नव्हता. त्यानं तोंड उघडून दाखवलं. मग म्हटलं गंज असेल, पण लाकडाला कुठला गंज. मी खोकं उचलून पांढऱ्या कागदावर आपटलं. फटींतून भुकटी पडली. थोडी करडी, थोडी लाल. आणि ती भुकटी चालायला लागली.

मी खुर्चीत बसलो. प्रशिक्षणात यांच्यावर एकच परिच्छेद होता. टाचणीच्या टोकाएवढे हे किडे कोंबडीवर राहतच नाहीत. दिवसभर लाकडाच्या, भिंतीच्या भेगांत लपतात आणि अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पितात. म्हणून दिवसा दवाखान्यात आणलेली कोंबडी स्वच्छ दिसते. म्हणून तुरा पांढरा पडतो, पिल्लं रक्त संपून मरतात, खुडूक कोंबडी उठून जाते, आणि म्हणूनच कोंबड्या सांजच्याला खुराड्यात शिरत नाहीत. त्यांना कळत होतं आत काय आहे ते. बंद पडलेल्या शेडमध्ये हे किडे कितीतरी महिने उपाशी जगतात. मी ते खोकं तिथून आणलं होतं, स्वतःच्या हातानं, फटफटीवर बांधून.

उपाय अवघड नव्हता. पुढचे पंधरा दिवस मी तिथंच होतो. प्रत्येक खुराड्यातल्या दांड्या, फळ्या काढायला लावल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या, उन्हात टाकल्या. भेगा शेणामातीनं लिंपल्या, वरून चुना मारला. जुना पालापाचोळा जाळला. दांडीच्या टोकांना, जिथं ती भिंतीत शिरते तिथं, कडुलिंबाचं तेल चोपडलं. आठवड्यानं सगळं पुन्हा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे निघतात. दांडीखालून सकाळी पांढरी चिंधी फिरवायची आणि लाल डाग पडतो का पाहायचं, हे बायकांना शिकवलं. खोकं रॉकेल टाकून जाळलं. महिन्यात कोंबड्या झाडावरून उतरल्या.

हे करताना मी प्रत्येक घरी सांगत होतो, की दोष नूरबीच्या कोंबडीचा नव्हता, माझ्या खोक्याचा होता. बायका ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या. मला वाटलं, झालं, निस्तरलं. मग सुभद्राबाईंच्या ओट्यावर चहा पिताना त्याच म्हणाल्या, की डाक्टर मनानं लई मोठे आहेत, गरीब बाईवर आळ नको म्हणून स्वतःवर घेऊन राहिलेत. मी कप खाली ठेवला. म्हटलं, अहो, खरंच सांगतोय, किडे खोक्यात होते.

“व्हय, खोक्यात व्हते,” त्या म्हणाल्या. “पण खोक्यात बसलं कोण व्हतं?”

याला उत्तर आहे. मी त्यांना ते तीन वेगवेगळ्या प्रकारे दिलं. पण त्यांच्या प्रश्नापुढं माझं उत्तर फार लांबलचक होतं. आजही मला कळत नाही, की मी चुकीचं एक वाक्य बोललो ते गावानं लगेच धरलं, आणि खरं पंधरा दिवस घसा कोरडा करून सांगितलं ते का धरलं नाही. दोन्ही वेळी डाक्टर मीच होतो.

मग मला एक युक्ती सुचली. नूरबीच्या दारात जाऊन मी चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, नूरबी, मला कोंबडी पाहिजे, माझ्या घरी बसवायला. तिनं मला खालीवर पाहिलं. म्हणाली, पाटी आणा. मी बाजारातून पाटी घेतली, आमच्या क्वार्टरच्या मागं बसून शेणानं सारवली. बायको दारातून बघत होती आणि हसत नव्हती, यावरून मी काय ते समजलो. वाळवून, राख-पाला भरून एसटीत मांडीवर घेऊन गेलो. नूरबीनं तळाशी बोट फिरवलं आणि पाटी परत दिली. ओल राहिली होती. चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी तिनं एक काळी कोंबडी पदराखालून काढून पाटीत ठेवली, आणि मी गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, ती डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत चालत गेलो.

एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली. एकही मेलं नाही. मी गावात ज्याला त्याला सांगितलं. बायका म्हणाल्या, त्यांना काय, त्यांच्या घरी औषध असतं.

पिल्लं चिमणीएवढी झाली तेव्हा काळी कोंबडी आणि वाट्याची पिल्लं घेऊन मी नूरबीकडं गेलो. ती अंगणात दाण्याला ऊन देत बसली होती. खुराड्यात तीनच कोंबड्या उरल्या होत्या, बाकीच्या तिनं औंढ्याच्या बाजारी विकल्या होत्या. उरलेल्यांतल्या दोन तर खुडूकच होत्या, अंडी नाहीत म्हणून विटकरीच्या तुकड्यांवर बसलेल्या. मी टोपली खाली ठेवली. इतक्या महिन्यांत मी गावभर बोललो होतो, पण तिच्यापाशी बसून बोललो नव्हतो. म्हटलं, नूरबी, चूक माझी होती. तांबडीत काहीच नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलंय.

ती दाणे पसरत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं. पुढं काय करायचं, आणखी कुणाला सांगायचं, तेही मी विचारलं, कारण मला खरंच काही सुचत नव्हतं.

“तुमी लई जणांला इचारलं,” ती म्हणाली. “सुभद्राला इचारलं, पुस्तकाला इचारलं, सापवाल्याला बोलवून इचारलं. मला न्हाई इचारलं.”

तिनं दाण्यातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“रांगेत व्हते ना मी. इचारायचं व्हतं, नूरबी, यंदा येगळं काय केलं? मी म्हणले असते, साब, काहीच न्हाई. फकस्त पाटी सोडून तुमच्या खोक्यात बसवली.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग ती उठली, टोपलीतली पिल्लं एकेक करून अंगणात सोडली आणि टोपली मला परत दिली.